सारखं विमानाने फिरणाऱ्यांनी क्रेडिट कार्डांची जोडी कशी जमवावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बारा वर्षं कामासाठी महिन्यातून तीन-चार वेळा लोहगावहून विमान पकडतो. ऑफिसातले सहकारी, सोसायटीतले शेजारी, नात्यातली मंडळी, सगळे कार्डांबद्दल विचारतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे. हे सगळं भारतात मिळणाऱ्या कार्डांबद्दल आहे. बँका अटी वरचेवर बदलतात, तेव्हा अर्ज करायच्या दिवशी बँकेचं अटी-शर्तींचं पान उघडून वाचाच.

सगळ्यात चांगलं ट्रॅव्हल कार्ड कोणतं, एवढंच सांगा ना.

सांगेन, पण आधी मला एक कळायला हवं: तुमच्या तिकिटाचे पैसे कोण भरतं? सगळी निवड या एका उत्तरावर फिरते आणि नेमकं हेच कोणी स्वतःला विचारत नाही.

मला तीन तऱ्हेचे प्रवासी दिसतात. पहिल्यांचं तिकीट कंपनीचा ट्रॅव्हल डेस्क काढतो. ते दर आठवड्याला उडतात, पण त्यांच्या खिशातून विमान कंपनीकडे एक रुपयाही जात नाही. दुसरे स्वतःच्या कार्डावर तिकीट काढतात आणि बिल लावून पैसे परत मिळवतात. तिसरे पूर्णपणे स्वतःच्या पैशाने उडतात. माल बघायला सुरत-दिल्लीला जाणारे कापडवाले, किंवा मुलगा बेंगळुरूला असलेले आईवडील यांत आले.

विमान तिकिटावर चौपट-पाचपट पॉइंट देणारं कार्ड पहिल्या गटाच्या काही कामाचं नाही, कारण त्या कार्डावर तिकीट कधी निघणारच नाही. त्यांनी घरखर्चावर बरे पॉइंट देणारं आणि विमानतळावरच्या लाउंजमध्ये (बसण्या-खाण्याच्या खास दालनात) प्रवेश देणारं कार्ड बघावं. असं महागडं कार्ड खरं तर दुसऱ्या गटासाठी आहे. पैसे कंपनीचे, पॉइंट तुमचे. मात्र त्यासाठी दोन गोष्टी आधी तपासा. कंपनीच्या धोरणात हे चालतं का? आणि परताव्याचे पैसे कार्डाच्या देय तारखेआधी हातात येतात का? कंपनीने ४५ दिवस लावले आणि तुम्हाला पदरचे पैसे घालून बिल भरता आलं नाही, तर व्याजात सगळे पॉइंट वाहून जातात. तिसऱ्या गटाने पुढचं फीचं गणित मांडल्याशिवाय कुठेही सही करू नये.

तिकीट कंपनी काढते. मग मला काहीच मिळणार नाही का?

मिळतं, आणि बरंच मिळतं. विमानात बसल्याबद्दल विमान कंपनी जे पॉइंट देते ते प्रवास करणाऱ्याच्या नावावर जमा होतात. तिकीट कोणाच्या कार्डावर निघालं याचा त्यांच्याशी संबंध नाही. कार्ड वापरल्याबद्दल बँक जे पॉइंट देते ते वेगळे. या दोन वह्या आहेत आणि बहुतेकांना एकच वाटते.

तेव्हा एअर इंडियाच्या महाराजा क्लबमध्ये, इंडिगोच्या ब्लूचिपमध्ये, तुम्ही ज्या कंपनीने उडता तिथे आजच खातं उघडा. ते फुकट आहे. तो सदस्य क्रमांक ट्रॅव्हल डेस्कला लेखी कळवा आणि वेब चेक-इन करताना तिकिटावर तो आला आहे का हे दर वेळी बघा. माझ्या एका सहकाऱ्याने सहा वर्षं आठवड्याला दिल्ली केली आणि क्रमांक एकदाही टाकला नाही. झालेल्या प्रवासाचे पॉइंट मागता येतात, पण ठरावीक मुदतीतच. जुने गेले ते गेलेच.

एकूण किती कार्डं ठेवावीत?

दोन. वर्षातून एकदा तरी परदेशी जात असाल तर तीन. चौथं घ्यावंसं वाटलं तर आधी आहेत त्या तिनांतलं कोणतं बंद करणार ते ठरवा.

जोडी म्हणजे कामाची वाटणी. पहिलं कार्ड तिकिटं, हॉटेल आणि मोठ्या खरेदीचं. फी याचीच भरायची आणि मोठे पॉइंटही यावरच मिळवायचे. दुसरं बिनफीचं, बाकी सगळ्यासाठी. हे रुपे नेटवर्कचं असावं असं माझं ठाम मत आहे, कारण २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. वाणी, औषधवाला, चहाची टपरी, सगळीकडे क्यूआर कोड आहे आणि महिन्याचा बराच खर्च आता तिथूनच जातो. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं क्रेडिट कार्ड तिथे जोडता येत नाही. मात्र यूपीआयवरच्या खर्चाला काही कार्डं कमी पॉइंट देतात, ते आधी बघून घ्या. शिवाय हे पैसे दुकानदाराला देता येतात, भावाच्या खात्यावर पाठवता येत नाहीत.

तिसरं कार्ड परदेशातल्या खर्चाचं. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

दोन कार्डं दोन वेगळ्या बँकांची आणि दोन वेगळ्या नेटवर्कची असावीत. अनेक बँका आपल्या सगळ्या कार्डांवर मिळून एकच मर्यादा ठेवतात, त्यामुळे एकाच बँकेचं दुसरं कार्ड घेतल्याने मर्यादा वाढतेच असं नाही. सप्टेंबर २०२४ पासून मोठ्या बँकांनी कार्ड देताना नेटवर्क निवडायची संधी ग्राहकाला द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. हे आपण होऊन कोणी सांगत नाही, तुम्ही विचारा.

विमान कंपनीच्या नावाचं कार्ड घ्यावं, की बँकेचे स्वतःचे पॉइंट असलेलं?

माझा कौल बँकेच्या पॉइंटकडे आहे, विशेषतः अशा कार्डाकडे ज्याचे पॉइंट चार-पाच विमान कंपन्यांकडे वळवता येतात. विस्ताराच्या कार्डांचं काय झालं ते बघा. ती कार्डं खरोखर चांगली होती. ठरावीक खर्च केला की थेट तिकीट मिळायचं, काही कार्डांवर तर बिझनेस क्लासचं. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. पॉइंट नव्या कार्यक्रमात गेले, पण ज्या तिकिटांसाठी लोकांनी कार्ड घेतलं होतं तो मूळ सौदाच संपला. त्याआधी १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज थांबली तेव्हाही असंच झालं होतं. एका विमान कंपनीवर सगळा भार टाकला की तिच्या नशिबाशी आपण बांधले जातो.

याला अपवाद आहे. देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक प्रवासी इंडिगोने जातात. तुमच्या गावाहून तुम्हाला हव्या त्या वेळेला इंडिगोचंच विमान असेल, तुम्ही तिकिटं स्वतः काढत असाल आणि परदेशी सहसा जात नसाल, तर इंडिगोचं कार्ड घेण्यात काहीच चूक नाही. एक मात्र ध्यानात ठेवा. इंडिगो विमान कंपन्यांच्या कोणत्याही जागतिक गटात नाही. एअर इंडिया जुलै २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे, म्हणजे तिथले पॉइंट सिंगापूर एअरलाइन्स, लुफ्तान्सा, युनायटेड अशा कंपन्यांच्या विमानांसाठीही वापरता येतात. ज्यांची मुलं अमेरिकेत-जर्मनीत आहेत त्यांच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

वार्षिक फी वसूल होते का?

कागद घ्या. समजा, एका कार्डाची फी ५,००० रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,९०० रुपये. (जाहिरातीत जीएसटी कधीच मोठ्या अक्षरात नसतो.) तिकिटं आणि हॉटेलवर शंभराला पाच पॉइंट, बाकी खर्चावर शंभराला दोन. एका पॉइंटची किंमत एक रुपया धरू. तुलनेसाठी दुसरीकडे फुकटचं कार्ड घेऊ, जे सगळ्यावर दीड टक्का रोख परत देतं.

वर्षाला तीन लाखांची तिकिटं आणि साडेतीन लाखांचा इतर खर्च असेल, तर पहिल्या कार्डावर १५,००० आणि ७,००० मिळून २२,००० पॉइंट होतात. फी वजा जाता उरले १६,१०० रुपये. फुकटच्या कार्डावर साडेसहा लाखांचे ९,७५० रुपये. फीचं कार्ड साडेसहा हजारांच्या आसपास पुढे राहिलं.

आता तिकिटं एक लाखाची आणि इतर खर्च दोन लाखांचा धरा. पहिल्यावर ५,००० आणि ४,००० मिळून ९,००० पॉइंट. फी गेली की उरतात ३,१०० रुपये. फुकटच्या कार्डावर ४,५००. इथे फी भरणारा तोट्यात गेला, आणि वर्षाला पाच-सहा विमानफेऱ्या करणारे बहुतेक लोक याच दुसऱ्या गणितात बसतात.

ठरावीक खर्चावर फी माफ होणार असेल तर गणित बदलतं. पण फी वाचवण्यासाठी डिसेंबरात नको असलेला टीव्ही घेणारे लोकही मी पाहिले आहेत.

सगळ्या खर्चावर पॉइंट मिळतात ना?

नाही. पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे आणि सरकारी कर यांवर बहुतेक कार्डं काही देत नाहीत. विमा, वीजबिल, शाळेची फी यांवर मासिक मर्यादा असते किंवा पॉइंट कमी असतात. भाड्यावर तर बँका वर एक टक्का शुल्क लावतात. वरचं गणित करताना हा सगळा खर्च आधी बाजूला काढा, नाहीतर आकडा फसवा येतो.

एका पॉइंटची खरी किंमत कशी काढायची?

जे तिकीट तुम्ही नाहीतरी काढणार होता, त्याचंच रोखीतलं भाडं बघा. पॉइंटने तेच तिकीट काढलं तरी कर आणि शुल्कं रोख भरावी लागतात, ती भाड्यातून वजा करा. उरलेल्या रकमेला पॉइंटच्या संख्येने भागा. भाडं ९,००० रुपये, पॉइंट लागतात ६,००० आणि वर १,२०० रुपये कर. तर ७,८०० भागिले ६,०००, म्हणजे पॉइंटला एक रुपया तीस पैसे. छान आहे, वापरा. तेच भाडं ४,२०० असेल तर किंमत निघते पन्नास पैसे. तेव्हा रोख भरा आणि पॉइंट राखून ठेवा.

बिझनेस क्लासमध्ये एका पॉइंटचे तीन-चार रुपये निघतात असं लोक सांगतात. गणित बरोबर आहे, पण ज्या तिकिटाचे दीड लाख तुम्ही रोख कधीच मोजले नसते त्याची बचत दीड लाख धरू नका. आईला गुडघ्याच्या ऑपरेशननंतर न्यूयॉर्कहून परत आणताना मी पॉइंट वापरून तिला आडवं झोपता येईल अशी सीट घेतली होती. त्या पॉइंटचे किती रुपये झाले हे मी मोजलं नाही आणि त्याहून चांगला उपयोग मला अजून सापडलेला नाही.

पॉइंट गिफ्ट व्हाउचर किंवा मिक्सरवर घालवू नका. तिथे बहुतेक वेळा वीस-तीस पैसेच हाती लागतात.

मोठ्या सहलीसाठी दोन-तीन वर्षं पॉइंट साठवू का?

फार नको. पॉइंट म्हणजे बँकेतली ठेव नव्हे. त्यांची किंमत बँक एका ईमेलने कमी करू शकते आणि करते. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे. १ सप्टेंबर २०२३ च्या आधी पाच पॉइंटचे चार माइल्स (विमान कंपनीचे पॉइंट) मिळत होते, त्या दिवसापासून पाचाचे दोन झाले. ज्याच्याकडे एक लाख पॉइंट होते त्याचे ८०,००० माइल्स एका रात्रीत ४०,००० वर आले. फीही वाढली आणि महिन्याला एक लाख खर्चावर मिळणारे २५,००० पॉइंटही बंद झाले. बँकेने आगाऊ कळवलं होतं. ज्यांनी तो मेल वाचला त्यांनी वेळेत पॉइंट वळवले.

उलट घाईही नको. बँकेतून विमान कंपनीकडे वळवलेले पॉइंट परत येत नाहीत. विमान कंपनीत त्यांची मुदत सुरू होते. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये ती ३६ महिन्यांची आहे. म्हणून आधी विमान कंपनीच्या साइटवर हव्या त्या तारखेला पॉइंटची सीट आहे ना ते बघायचं, मग वळवायचं. काही ठिकाणी पॉइंट काही मिनिटांत पोचतात, काही ठिकाणी दिवस लागतात. दिवाळी आणि मे महिन्याच्या सीटसाठी हे फार आधी करावं लागतं.

पॉइंट वळवताना "नाव जुळत नाही" असं येतं. काय करू?

हा आपल्याकडचा खास प्रश्न आहे आणि यावर कुठे धड लिहिलेलं मला दिसलं नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आपण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं लिहितो. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात असतं आणि पहिली दोन नावं मिळून एका रकान्यात. बँकेत कधी तिन्ही नावं असतात, कधी मधल्या नावाचं एकच अक्षर. विमान कंपनीत खातं उघडताना घाईत फक्त पहिलं नाव आणि आडनाव टाकलेलं असतं. पॉइंट वळवताना बँकेतलं नाव आणि विमान कंपनीतलं नाव जुळावं लागतं. नाही जुळलं तर विनंती परत येते, किंवा मधेच अडकून पडते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचा त्रास तर दुप्पट होतो. पॅन माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या, आणि विमान कंपनीचं खातं कॉलेजात असताना उघडलेलं.

उपाय कंटाळवाणा आहे पण एकदाच करायचा आहे. पासपोर्ट प्रमाण माना. विमान कंपनीचं खातं अक्षरशः पासपोर्टप्रमाणे करून घ्या. अक्षरांची दुरुस्ती असेल तर कागदपत्रं पाठवून ती होते. मग बँकेतलं नाव केवायसी करून त्याच्या जवळ आणा. स्पेलिंग बघा. एकाच घरात आडनावाची दोन स्पेलिंगं असलेली कुटुंबं कमी नाहीत. हे सगळं पॉइंट जमायला लागण्याआधी करा. सीट समोर दिसते आहे आणि नावासाठी विनंती अडली आहे, ही वेळ फार वाईट. ती माझ्यावर आली होती आणि सीट गेली.

लाउंजसाठी कोणतं कार्ड घ्यावं?

केवळ लाउंजसाठी कोणतंही घेऊ नका. लाउंजच्या दारावर कार्ड दाखवून दोन रुपयांत जेवण, हे दिवस आता मागे पडले. बऱ्याच कार्डांवर आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच दार उघडतं. आयसीआयसीआय बँकेने १ एप्रिल २०२४ पासून अनेक कार्डांवर ३५,००० रुपयांची अट घातली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ती ७५,००० वर नेली. लक्षात घ्या, अट आधीच्या तिमाहीची आहे. मे महिन्यात लाउंज हवं असेल तर जानेवारी ते मार्चचा खर्च मोजला जातो. नवं कार्ड घेऊन लगेच सहलीला निघालेले लोक दारावरून परत येतात ते यामुळेच.

दुसरं, बँकेच्या यादीत तुमचा विमानतळ आणि तुमचं टर्मिनल आहे का ते बघा. नुसतं शहराचं नाव पुरत नाही. मुंबईत टर्मिनल १ आणि २ वेगळी आहेत आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटतात.

प्रायॉरिटी पास (जगभरातल्या लाउंजमध्ये चालणारं सदस्यत्व) असेल तर तो परदेशातल्या लाउंजसाठी जपा. सोबतच्या माणसाचे पैसे लागतात का, हे आधी विचारा. चौघांचं कुटुंब घेऊन आत गेलात तर महिनाअखेर तिघांचं बिल डॉलरमध्ये येऊ शकतं.

परदेशात कोणतं कार्ड वापरू?

तिसरं कार्ड इथे लागतं. बहुतेक भारतीय कार्डं परकीय चलनातल्या खर्चावर साडेतीन टक्के मार्कअप (चलन बदलाचं जादा शुल्क) लावतात आणि त्या मार्कअपवर जीएसटी. एक लाखाच्या खर्चावर ३,५०० आणि ६३० मिळून ४,१३० रुपये. दोन टक्के मार्कअपच्या कार्डावर २,३६०. शून्य मार्कअपची कार्डंही मिळतात. फेडरल बँकेचं स्कॅपिया हे त्यातलं फी नसलेलं, म्हणून मी ते पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्यांना सुचवतो.

महागड्या कार्डांचं मार्कअप दोन टक्के आणि पॉइंट सव्वातीन टक्क्यांच्या आसपास असतील, तर ते कार्ड परदेशातही फायद्याचं ठरतं. साडेतीन टक्के मार्कअप आणि दोन टक्के पॉइंट असतील तर दर शंभराला दोन रुपयांहून अधिक तुम्हीच भरता आहात.

आणि एक कळकळीची विनंती. दुकानदाराने मशीन पुढे करून "रुपयांत की डॉलरमध्ये" असं विचारलं, तर त्या देशाचं चलन निवडा. रुपये निवडले की भाव दुकानदाराच्या बाजूचा लागतो, तो बहुधा खूपच वाईट असतो आणि अनेक बँका त्यावर आपलं शुल्कही लावतात. आपली भाषा, आपलं चलन दिसलं की बोट आपोआप तिकडे जातं. माझ्या वडिलांनी बँकॉकमध्ये आठ दिवस प्रेमाने रुपयेच निवडले होते.

एटीएममधून क्रेडिट कार्डाने पैसे काढू नका. शुल्क तर लागतंच, व्याजही त्याच दिवसापासून सुरू होतं.

परदेशातल्या कार्डखर्चावर टीसीएस (पैसे भरतानाच वसूल होणारा आयकर) कापतात का?

परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च एलआरएसमध्ये (परदेशी पैसे पाठवण्याच्या वार्षिक मर्यादेच्या योजनेत) मोजायचा, असं मे २०२३ मध्ये जाहीर झालं होतं. २८ जून २०२३ ला सरकारने ते पुढे ढकललं. तेव्हा हॉटेलचं, जेवणाचं, दुकानातलं बिल कार्डाने भरलं तर टीसीएस लागत नाही. ट्रॅव्हल कंपनीकडून घेतलेल्या परदेशी टूर पॅकेजवर तो लागतो, पैसे कसेही भरा. कापलेली रक्कम आयकर विवरणपत्रात परत मागता येते.

परदेशात पोचल्यावर कार्ड चाललंच नाही. असं का?

२०२० च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या कार्डाची परदेशी वापराची सोय मुळात बंद असते. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ती तुम्ही चालू करायची. निघायच्या आदल्या दिवशी करा, सोबत मर्यादाही ठरवा, परत आल्यावर पुन्हा बंद करा. ओटीपी येणारा मोबाइल नंबर रोमिंगवर चालू आहे ना, तेही बघा. परदेशी जाताना एक तरी कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्डचं असू द्या. अमेरिकन एक्स्प्रेस आणि डायनर्स अनेक लहान दुकानांत घेत नाहीत.

बायकोला ॲड-ऑन कार्ड (आपल्याच खात्यावरचं जोडकार्ड) द्यावं, की तिचं स्वतंत्र असावं?

तिचं स्वतःचं उत्पन्न असेल तर स्वतंत्र. तिचा स्वतःचा क्रेडिट इतिहास तयार होतो आणि उद्या घरकर्ज घेताना तो तिच्या नावावर असतो. ॲड-ऑनवर हे सगळं मुख्य कार्डधारकाच्या नावावर जातं. शिवाय स्वतंत्र कार्डाला स्वतःचं लाउंज आणि स्वतःचे सुरुवातीचे बोनस पॉइंट असतात.

ॲड-ऑनचा फायदा वेगळा आहे. दोघांचा खर्च एकाच कार्डावर जमतो आणि फी माफीचा किंवा बोनसचा टप्पा लवकर गाठता येतो. घरात एकच कमावतं माणूस असेल तर हे सोयीचं. पॉइंट वेगवेगळ्या नावांवर विखुरले तरी घाबरू नका, तुमच्या पॉइंटने तिचं तिकीट काढता येतं. काही विमान कंपन्या त्यासाठी माणसाचं नाव आधी नोंदवायला लावतात, ते अगोदरच करून ठेवा.

दोन-तीन कार्डांनी सिबिल (क्रेडिट स्कोअर) बिघडतो का?

कार्डांच्या संख्येने नाही. उशिरा भरलेल्या बिलाने आणि मर्यादेच्या काठावर नेलेल्या खर्चाने बिघडतो. एकाच महिन्यात चार अर्ज करू नका. दर अर्जाची नोंद राहते. घरकर्ज घ्यायचं ठरलं असेल तर सहा महिने आधीपासून नवं कार्ड नको.

एखाद्या महिन्यात पूर्ण बिल भरता आलं नाही तर?

तर वर लिहिलेलं सगळं विसरून आधी ते फेडा. अनेक कार्डांवर व्याज दरमहा साडेतीन ते पावणेचार टक्के आहे, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५. "किमान देय रक्कम" भरून दंड टळतो, व्याज टळत नाही. शिवाय नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. शंभराला पाच पॉइंट कमावणारा माणूस दोन महिन्यांत शंभराला सात रुपये व्याज देतो. ज्यांना दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी बिल पुढे ढकलावं लागतं, त्यांनी पॉइंटच्या कार्डाच्या वाटेला जाऊ नये असं मी मनापासून सांगतो. डेबिट कार्ड आणि यूपीआयने काहीही अडत नाही. कार्डाचं बिल बचत खात्यातून पूर्ण रकमेच्या ऑटो-डेबिटला लावा. ते "किमान" वर नाही ना, हे एकदा उघडून बघा.

तिकीट रद्द झालं किंवा विमान कंपनीच बंद पडली तर पैसे मिळतात का?

रद्द तिकिटाचा परतावा त्याच कार्डावर येतो आणि मिळालेले पॉइंट वजा होतात. एखादा बोनसचा टप्पा त्या खर्चावर गाठला असेल तर तोही हातचा जाऊ शकतो.

कंपनी बंद पडण्याच्या बाबतीत क्रेडिट कार्ड रोखीपेक्षा नक्कीच बरं. ३ मे २०२३ ला गो फर्स्टची विमानं थांबली. अशा वेळी कार्डाने पैसे भरलेला प्रवासी सेवा मिळाली नाही म्हणून आपल्या बँकेकडे वाद नोंदवू शकतो. त्याला मुदत असते, म्हणून विमान कंपनीच्या उत्तराची वाट बघत बसू नका. तिकीट, पैसे भरल्याची नोंद आणि विमान रद्द झाल्याचा संदेश जपून ठेवा.

जुनं कार्ड बंद कसं करायचं?

आधी फोन करून फी माफ करता का ते विचारा. वर्ष संपत आलं की बँका बऱ्याचदा काहीतरी देतात. नाही म्हणाले तर आधी पॉइंट वापरा किंवा वळवा, कार्ड बंद झालं की ते सहसा जातात. वीजबिल, ओटीटी असे आपोआप कापले जाणारे हप्ते दुसऱ्या कार्डावर न्या आणि शेवटची बाकी शून्य करा. मग लेखी विनंती करा. बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बँकेला बंधनकारक आहे, उशीर झाला तर दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. फोनवर "सर, नवीन ऑफर आहे" असं सुरू झालं की हा नियम सांगा. विनंतीचा क्रमांक लिहून घ्या आणि दोन महिन्यांनी आपला क्रेडिट रिपोर्ट काढून तिथे ते कार्ड "बंद" दिसतं आहे का ते बघा. संपूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो.